वर्धा जिल्ह्याचे हवामान

वर्धा जिल्ह्याचे हवामान उष्णकटिबंधीय असून कडक उन्हाळा, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस आणि कोरडा, सौम्य हिवाळा ही त्याची प्रमुख वैशिष्ट्ये आहेत. महाराष्ट्राच्या विदर्भ विभागात मोडणारा हा जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असल्यामुळे उन्हाळा व हिवाळा यांच्या तापमानांत मोठा फरक आढळतो. वार्षिक पर्जन्यमान साधारणपणे १,००० मिलिमीटरच्या आसपास असून त्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हा पाऊस दररोज थोडा थोडा पडत नाही, तर मोजक्या जोरदार सरींत येतो. त्यामुळे जिल्ह्यात तोच पाऊस एका आठवड्यात उष्म्यापासून सुटका करणारा आणि पुढच्याच आठवड्यात पूर आणणारा ठरू शकतो. बहुसंख्य शेती पावसावर अवलंबून असल्याने हवामानाचा अंदाज आणि त्याचा योग्य अर्थ यांना येथील जनजीवनात विशेष महत्त्व आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,३०९ चौरस किलोमीटर आहे. त्यात वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे), हिंगणघाट आणि समुद्रपूर हे आठ तालुके येतात. पश्चिमेस अमरावती, नैर्ऋत्येस यवतमाळ, आग्नेयेस चंद्रपूर आणि उत्तरेस व पूर्वेस नागपूर हे जिल्हे आहेत.

भूरचनेच्या दृष्टीने जिल्ह्याचे दोन ठळक भाग पडतात. आर्वी, आष्टी व कारंजा तालुक्यांचा उत्तरेकडील भाग सातपुड्याच्या टेकड्यांनी व्यापलेला, चढउताराचा आहे. देवळी, हिंगणघाट व समुद्रपूरकडील भाग काळ्या मातीचा, सखल व सपाट आहे. टेकड्यांवर पडलेले पाणी ओढ्यांतून वेगाने खाली येते. सपाट भागातील काळी माती पाणी धरून ठेवते व लवकर वाफसा येऊ देत नाही. त्यामुळे सारख्याच पावसाचा परिणाम दोन्ही भागांत वेगळा होतो. उत्तरेत जमीन धुपते, तर दक्षिणेत शेतात पाणी साचते.

जिल्ह्याची पश्चिम व नैर्ऋत्य सीमा बहुतांशी वर्धा नदीने आखलेली आहे. ही नदी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताईच्या परिसरात उगम पावते आणि पुढे वैनगंगेस मिळून प्राणहिता या नावाने गोदावरीकडे जाते. वणा, धाम, बोर, यशोदा, पोथरा या जिल्ह्यातील नद्याही वर्धेच्याच खोऱ्यातील आहेत.

ऋतुचक्र

उन्हाळा: मार्चपासून तापमान वाढू लागते आणि मे महिन्यात उष्णता पराकोटीस पोचते. मे महिन्यात दुपारचे कमाल तापमान सामान्यतः ४२ ते ४३ अंश सेल्सिअस असते. उष्णतेच्या लाटेत ते ४६ अंशांच्याही वर गेल्याच्या नोंदी आहेत. सूर्याचा रोहिणी नक्षत्रात प्रवेश झाल्यानंतरच्या, म्हणजे सुमारे २५ मेपासूनच्या नऊ दिवसांना विदर्भात ‘नवतपा’ म्हणतात. लोकसमजुतीनुसार हे दिवस वर्षातील सर्वांत उष्ण असतात. मात्र वळवाचा पाऊस झाल्यास नवतपाही सौम्य जातो. जाड मातीच्या भिंती व कवेलूंचे छप्पर असलेली या भागातील जुनी घरे याच उष्णतेला दिलेले उत्तर होय. सेवाग्राम आश्रमातील बापू कुटी हे अशा स्थानिक साहित्याच्या बांधकामाचे सुपरिचित उदाहरण आहे.

पावसाळा: मॉन्सून सामान्यतः जूनच्या मध्यास जिल्ह्यात पोचतो. त्यानंतर कमाल तापमान झपाट्याने उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ते ३० अंशांच्या आसपास स्थिरावते. जुलै व ऑगस्ट हे सर्वाधिक पावसाचे महिने आहेत. विदर्भात स्थूलमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे पर्जन्यमान वाढत जाते.

परतीचा काळ: मॉन्सून साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतो. आकाश निरभ्र झाल्याने दिवसाचे तापमान काही काळ पुन्हा वाढते. यालाच ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात. रात्री मात्र थंड होऊ लागतात.

हिवाळा: डिसेंबर व जानेवारी हे सर्वांत थंड महिने आहेत. किमान तापमान सरासरीने १२ ते १३ अंशांच्या आसपास असते. उत्तरेकडून कोरडे थंड वारे वाहू लागल्यास ते १० अंशांच्या खाली जाते.

मॉन्सूनपूर्व वादळे आणि गारवा

एप्रिल, मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारनंतर होणाऱ्या मेघगर्जनेसह पावसाला वळवाचा पाऊस म्हणतात. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर जाते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प आले असेल, तर काही तासांतच उंच गर्जणारे ढग तयार होतात. या काळात विदर्भापासून मराठवाडा व कर्नाटकाकडे दक्षिणोत्तर पसरलेला कमी दाबाचा पट्टा अनेकदा दिसतो. त्याच्या दोन बाजूंचे वारे वेगवेगळ्या दिशांनी येत असल्यामुळे वादळांना चालना मिळते.

अशा ढगातून पडणाऱ्या पावसाचा काही भाग खालच्या कोरड्या हवेत बाष्पीभूत होतो. बाष्पीभवनामुळे हवा थंड व जड होऊन वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. पाऊस येण्यापूर्वी अंगाला जाणवणारा थंड वारा, उठणारी धूळ आणि उन्मळून पडणारी झाडे ही सर्व याचीच लक्षणे आहेत. काही मिनिटांत तापमान अनेक अंशांनी उतरते.

हा गारवा बहुधा अल्पकाळ टिकतो. दुसऱ्या दिवशी ऊन पडताच ओल्या जमिनीतील बाष्प हवेत मिसळते. तापमापकावरील आकडा आधीपेक्षा कमी असूनही घाम वाळत नसल्याने उकाडा अधिक जाणवतो. बाष्प सोडून हवा थंड करणारे कूलर कोरड्या उन्हाळ्यात उपयुक्त असतात, परंतु अशा दमट हवेत त्यांचा उपयोग फारसा होत नाही. तापमानातील टिकाऊ घट मॉन्सूनचे ढग आकाश सलग झाकू लागल्यानंतरच होते.

मुसळधार पावसाची कारणे

पावसाळ्यात उत्तर भारतावर राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांबट पट्टा असतो. त्याला मॉन्सूनची आस म्हणतात. ही आस दक्षिणेकडे सरकून मध्य भारतावर आली की विदर्भात पावसाचा जोर वाढतो. ती हिमालयाच्या पायथ्याशी गेली की येथे पावसात खंड पडतो.

बंगालच्या उपसागरात निर्माण होणारी कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा व छत्तीसगडमार्गे पश्चिम-वायव्य दिशेने सरकतात. अशा क्षेत्राच्या केंद्राच्या नैर्ऋत्येस पावसाचा जोर सामान्यतः सर्वाधिक असतो. केंद्र छत्तीसगड किंवा पूर्व मध्य प्रदेशावर असताना वर्धा जिल्हा नेमका या बाजूस येतो. त्यामुळे येथील अतिवृष्टीचा माग बहुधा दोन-तीन दिवस आधी उपसागरावरच लागतो. उन्हाळी वादळ आणि मॉन्सूनमधील मुसळधार पाऊस यांच्या अंदाजात याच कारणाने मोठा फरक आहे. कमी दाबाचे क्षेत्र शेकडो किलोमीटर पसरलेले व अनेक दिवस टिकणारे असते. वादळी ढग मात्र काही किलोमीटर रुंदीचा असतो व तास-दोन तासांत विरून जातो.

पूर

जिल्ह्यातील पूर प्रामुख्याने तीन प्रकारे येतात. टेकड्यांवरील जोरदार पावसाने ओढे-नाल्यांना अचानक लोंढा येतो आणि कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात. दुसऱ्या प्रकारात वर्धा नदी दुथडी भरून वाहत असल्याने तिला मिळणाऱ्या नद्यांचे पाणी पुढे सरकत नाही व मागे तुंबते. तिसऱ्या प्रकारात भरलेल्या धरणांतून पाणी सोडावे लागते.

वर्धा नदीवर अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात सिंभोरा येथे १३ दरवाजांचे ऊर्ध्व वर्धा धरण आहे. त्याच्या खालच्या बाजूस आर्वी तालुक्यात धनोडीजवळ ३१ दरवाजांचे निम्न वर्धा धरण आहे. वरच्या खोऱ्यात पाऊस झाल्यास वर्धा जिल्ह्यात आकाश मोकळे असतानाही नदीची पातळी वाढू शकते. म्हणून नदीकाठच्या गावांना स्थानिक अंदाजाइतकीच धरणांच्या विसर्गाची सूचना महत्त्वाची असते.

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्यातील मोवाड हे गाव उद्ध्वस्त झाले आणि दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. मोवाड वर्धा जिल्ह्याच्या सीमेबाहेर असले, तरी याच नदीच्या वरच्या टप्प्यात आहे. वरच्या खोऱ्यातील एका रात्रीचा पाऊस काठावरील वस्तीस किती घातक ठरू शकतो, याचे ते या परिसरातील सर्वांत दुःखद उदाहरण मानले जाते. जुलै २०२२ मध्ये विदर्भातील अनेक जिल्ह्यांबरोबर वर्धा जिल्ह्यातही पूरस्थिती निर्माण झाली. वणा नदीकाठच्या हिंगणघाट परिसराला तिची झळ बसली.

वीज पडणे

विजेचा धोका मॉन्सूनपूर्व काळात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीस व अखेरीस अधिक असतो. याच दिवसांत पेरणी, निंदण, डवरणी किंवा काढणीसाठी शेतकरी व मजूर उघड्या शेतात असतात. पाऊस येताच एकट्या उंच झाडाखाली आसरा घेण्याची सवय जीवघेणी ठरते. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून जमिनीत पसरते व त्याखालील माणसे आणि बांधलेली जनावरे या दोहोंना धक्का बसतो.

ध्वनीला एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. त्यामुळे वीज चमकणे आणि गडगडाट ऐकू येणे यांतील सेकंदांना तीनने भागल्यास विजेचे अंतर किलोमीटरमध्ये कळते. हे अंतर ३० सेकंदांपेक्षा कमी असल्यास ताबडतोब पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर किमान ३० मिनिटे बाहेर पडू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. जवळ पक्का आसरा नसेल तर झाडे, विजेचे खांब, तारेचे कुंपण व पाणी यांपासून दूर जावे आणि दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप परिसरातील विजेची पूर्वसूचना देते.

गारपीट आणि अवकाळी पाऊस

हिवाळ्याच्या अखेरीस उत्तर भारतावरून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभांचा प्रभाव मध्य भारतापर्यंत पोचला आणि त्याच वेळी समुद्रावरून बाष्प आले, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात वादळी पाऊस व गारपीट होते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत रब्बी पिकांची व फळबागांची मोठी हानी झाली. फेब्रुवारी २०१८ मध्येही विदर्भ व मराठवाड्यात गारपीट झाली.

वर्धा जिल्ह्यात या काळात गहू व हरभरा काढणीस येतात. आर्वी, आष्टी व कारंजा हे तालुके विदर्भाच्या संत्रा पट्ट्यात मोडतात. गारांचा मारा आंबिया बहराच्या फुलोऱ्यावर व कोवळ्या फळांवर झाल्यास पुढील हंगामाचे उत्पन्न बुडते. गारपिटीचा फटका अरुंद पट्ट्यात बसतो. एका गावातील बाग झोडपली जाते, तर शेजारच्या गावात केवळ शिडकावा होतो.

पावसातील खंड आणि अवर्षण

एकूण पाऊस सरासरीइतका होऊनही दीर्घ खंडामुळे पिके वाळू शकतात. जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवडे पाऊस न झाल्यास हलक्या, उथळ जमिनीवरील सोयाबीन प्रथम कोमेजते. खोल काळ्या जमिनीतील कापूस व तूर अधिक काळ तग धरतात. तत्कालीन मध्य प्रांतात, ज्यात वर्धा जिल्हा मोडत होता, १८९६-९७ आणि १८९९-१९०० साली मोठे दुष्काळ पडले होते. बोर, धाम इत्यादी नद्यांवरील जलाशयांमुळे सिंचन व पिण्याच्या पाण्याची काही अंशी सोय झाली आहे. तरीही जलाशय भरणे हे मॉन्सूनवरच अवलंबून असते.

हवामान अंदाज आणि इशारे

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली. विभागाने महाराष्ट्राचे कोकण (गोव्यासह), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार हवामान उपविभाग मानले आहेत. विदर्भासाठीचे जिल्हानिहाय अंदाज व इशारे नागपूर येथील प्रादेशिक हवामान केंद्र प्रसृत करते. नागपूरच्या डॉप्लर रडारद्वारे ढगांचे निरीक्षण करून पुढील तीन तासांसाठीचे तात्कालिक अंदाजही दिले जातात.

चोवीस तासांतील पावसाचे वर्गीकरण पुढीलप्रमाणे करण्यात येते:

• हलका पाऊस: २.५ ते १५.५ मिमी
• मध्यम पाऊस: १५.६ ते ६४.४ मिमी
• मुसळधार पाऊस: ६४.५ ते ११५.५ मिमी
• अतिमुसळधार पाऊस: ११५.६ ते २०४.४ मिमी
• अत्यंत मुसळधार पाऊस: २०४.५ मिमी किंवा अधिक

इशाऱ्यांचे चार रंग आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना घटनेची तीव्रता, तिची शक्यता आणि संभाव्य परिणाम विचारात घेतले जातात. रंग म्हणजे पावसाचे माप नव्हे.

पाऊस किती क्षेत्रावर पडेल हे सांगण्यासाठीही ठराविक शब्दयोजना आहे. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक केंद्रांवर पाऊस असा होतो. म्हणून ‘वर्धा जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’ असा अंदाज असताना एखाद्या गावात थेंबही पडला नाही, तरी अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. त्याचप्रमाणे आपल्या गावात आकाश निरभ्र असणे हा इशारा निरर्थक असल्याचा पुरावा ठरत नाही.

पावसाची दैनिक नोंद सकाळी साडेआठ वाजता घेतली जाते व ती त्याआधीच्या २४ तासांची असते. त्यामुळे एखाद्या तारखेच्या नोंदीतील पाऊस बहुतांशी आदल्या दिवशीचा असू शकतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने ६५ मिमी पावसात एक हेक्टर शेतावर साडेसहा लाख लिटर पाणी पडते.

शेती आणि पेरणीचा निर्णय

कापूस, सोयाबीन व तूर ही जिल्ह्यातील खरिपाची मुख्य पिके आहेत. समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद प्रसिद्ध असून तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंपरेने मृग नक्षत्रापासून, म्हणजे ७-८ जूनच्या सुमारास, पेरणीचे वेध लागतात. काही शेतकरी पावसाच्या भरवशावर कोरड्या जमिनीतच कपाशीची धूळपेरणी करतात. वेळेवर पाऊस आल्यास पिकाला आघाडी मिळते. न आल्यास बियाणे वाया जाते.

वळवाचा पहिला जोरदार पाऊस आणि मॉन्सूनचे आगमन यांत गल्लत झाल्यास सर्वांत मोठे नुकसान होते. एका वादळी पावसाने वरचा थर भिजतो व हवा गार होते, परंतु खालची जमीन कोरडीच राहते. अशा ओलीवर उगवलेले रोप पुढील उन्हाच्या आठवड्यात करपते आणि दुबार पेरणी करावी लागते. बियाणे, खत व मजुरी यांचा खर्च दोनदा होतो, आणि हा खर्च अनेकदा कर्जाऊ असतो. म्हणून ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यानंतर व जमिनीत पुरेशी ओल असल्याची खात्री करूनच पेरणी करावी, असा सल्ला कृषी विभाग देतो. २०२५ साली मॉन्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. त्यानंतर मात्र त्याची वाटचाल सुमारे दोन आठवडे खोळंबली. आगमनाची बातमी आणि पेरणीयोग्य पाऊस या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या वर्षी स्पष्ट झाले.

हंगामाच्या शेवटी हाच प्रश्न उलट्या स्वरूपात येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणीस आलेले असताना पाऊस लांबल्यास शेंगांतील दाण्यांना कोंब फुटतात. वेचणीस आलेला कापूस भिजल्यास त्याची प्रत व भाव दोन्ही उतरतात. अशा वेळी दोन दिवसांची पूर्वसूचनाही कापलेले पीक झाकून ठेवण्यास पुरेशी ठरते. सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संलग्न असून जिल्ह्यातील शेतकऱ्यांना मार्गदर्शन करते.

पर्जन्यनोंदी आणि आपत्तीतील मदत

महाराष्ट्रात महसूल मंडळ हे पर्जन्यनोंदीचे प्रशासकीय एकक आहे. ‘महावेध’ प्रकल्पांतर्गत मंडळस्तरावर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली आहेत. मंडळात २४ तासांत ६५ मिमी किंवा अधिक पाऊस झाल्यास महसूल प्रशासन त्यास ‘अतिवृष्टी’ म्हणते. हवामान विभागाच्या वर्गीकरणात एवढा पाऊस केवळ ‘मुसळधार’ ठरतो. वृत्तपत्रांतील ‘अतिवृष्टी’ हा शब्द कोणत्या अर्थाने आला आहे, हे त्यामुळे पाहावे लागते.

पिकांचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असल्यास पंचनाम्यानंतर शासकीय निकषांनुसार मदत देय ठरते. एका मंडळात अनेक गावे असतात आणि पर्जन्यमापक त्यांपैकी एकाच ठिकाणी असतो. वादळी पावसाचे क्षेत्र लहान असल्याने मापकावर नोंदलेला पाऊस आणि एखाद्या शेतात प्रत्यक्ष पडलेला पाऊस यांत मोठी तफावत असू शकते. म्हणून अशा प्रसंगी शेतातील प्रत्यक्ष पंचनाम्याचे महत्त्व वाढते.

बदलते पर्जन्यमान

रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटनांत सुमारे तिपटीने वाढ झाली. याच काळात या प्रदेशातील मॉन्सूनचा एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. थोड्या दिवसांत अधिक पाऊस आणि मध्ये लांब खंड, असा याचा व्यावहारिक अर्थ आहे. पावसावर अवलंबून असलेल्या वर्धेसारख्या जिल्ह्यात त्यामुळे शेततळी, बांधबंदिस्ती व नाला खोलीकरण यांसारखी कामे दुहेरी उपयोगाची ठरतात. मुसळधार पावसाचे पाणी त्यांमुळे अडते व खंडाच्या काळात तेच पिकाला मिळते.

हेही पहा

• वर्धा जिल्हा
• वर्धा नदी
• विदर्भ
• मॉन्सून
• भारतीय हवामान विभाग
• ऊर्ध्व वर्धा धरण